साग थांबतो तिथे

नागपूर दोन जमिनींच्या सांध्यावर वसलेलं आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या कातळाची. तिथून पश्चिमेला हा कातळ काटोल, वर्धा, अमरावती करत थेट सह्याद्रीपर्यंत आणि पुढे मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यापर्यंत पसरत गेला आहे. पूर्वेला मात्र तो लवकरच संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुना, अभ्रकाचे कण चमकवणारा करडा-गुलाबी खडक वर येतो. पश्चिमेला कापूस, तूर, संत्री. पूर्वेला भंडाऱ्याच्या वाटेवर बांध्या, बोड्या आणि धान. पूर्वेला पाऊसही जास्त, हे खरंच आहे. पण धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो पावसाच्या आधी मातीचं नाव घेतो. काळी, कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी. कुठल्या मातीत काय येतं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

जंगलाबद्दल बोलताना मात्र आपण मातीचं नावही काढत नाही. शाळेच्या भूगोलात वनांचे प्रकार पावसावरून शिकवले: भरपूर पाऊस तिथे सदाहरित, मध्यम पाऊस तिथे पानझडी, त्याहून कमी तिथे काटेरी. तो नकाशा खोटा नाही, पण तो आकाशाकडे पाहून काढलेला आहे. एकाच पावसात, एकाच उंचीवर, हाकेच्या अंतरावर दोन निराळी जंगलं उभी असतात तेव्हा तो गप्प बसतो. तिथे खाली पाहावं लागतं.

खाली पाहण्यासाठी पचमढीइतकी चांगली जागा मला माहीत नाही. विदर्भातल्या माणसाला पचमढी नवी नाही. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेला इकडून माणसांची रीघ लागते. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली आणि मग वर पचमढी. सौंसरपर्यंत तर रस्त्यावरच्या पाट्या हिंदी आणि बोलणं मराठी असतं. माझी आजी या यात्रेला भर पावसात गेलेली. मी उन्हाळ्यात जाते, कारण उन्हाळ्यात जंगलाची हाडं दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये सागाच्या अंगावर पान नसतं. करड्या खोडांच्या रांगा, पायाखाली पापडासारखी मोडणारी पानं आणि डोंगराच्या उतारावर सगळीकडून दिसणारा उघडा मुरूम. हे जंगल कोसभर, दोन कोस, दहा कोस तसंच चालतं. मग देनवा नदीच्या खोऱ्यात, जिथे पचमढीचे लाल-पिवळे वाळूच्या दगडाचे कडे समोर उभे राहतात, तिथे हिरवं दिसायला लागतं. पहिल्यांदा वाटतं, नदीकाठ असेल. पण ती हिरवळ नदी सोडून उतारावर चढत जाते. तो साल वृक्ष आहे. साल पूर्ण उघडा असा जवळजवळ होतच नाही. जुनी पानं गळतात न गळतात तोच तांबूस कोवळी पालवी फुटते आणि तिच्यासोबत फिकट पिवळा मोहोर.

साग थांबतो आणि साल सुरू होतो, ते तिथे पाऊस बदलला म्हणून नव्हे. दगड बदललेला असतो.

आपला काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून थरावर थर वाहिलेला लाव्हा. भूशास्त्रज्ञ त्याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. तो कुजतो तेव्हा आधी त्याचा मुरूम होतो आणि पुढे सखल जागी फुगणारी, भेगाळणारी काळी चिकणमाती. ती चुन्याने इतकी भरलेली असते की नाल्याच्या कापात चुनखडीचे पांढरे खडे ओळीने बसलेले दिसतात. त्यावर लिंबू पिळलं तर फसफसतं. सागाला हा चुना हवा असतो. सागाची राख तपासली तर कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सापडतं. जुन्या सागाच्या लाकडात, फटीत किंवा पोकळीत, कधी कधी पांढरा खडूसारखा थर मिळतो, तो कॅल्शियम फॉस्फेटचा. कातळातला चुना मुळांनी उचलला, खोडात चढवला आणि जास्तीचा झाला तेव्हा लाकडातच साठवला. पाटाचं किंवा दाराचं लाकूड कापताना सुताराला तो लागतो. त्या क्षणी तो खरं तर लाव्ह्याचाच एक अंश कापत असतो.

पण चुना आहे म्हणून साग कुठेही येतो असं नाही. मेळघाटात चांगला साग कुठे आहे ते नीट पाहावं. तो उतारावर आहे, जिथे कुजलेल्या मुरुमात मूळ खोल जातं आणि पाणी साचत नाही. उतार संपून सपाट काळी माती लागली की साग खुरटतो, वाकतो, आणि मग नाहीसा होतो. काळी माती पावसात फुगते, हवा कोंडते. उन्हाळ्यात तडकते तेव्हा बारीक मुळं तोडते. अचलपूरकडे आमचे एक काकाजी होते, त्यांचं वावर डोंगराच्या पायथ्याला. तिथल्या झाडांची सीमा त्यांना धुऱ्याइतकी पाठ होती. मी विचारलं होतं, "काकाजी, वर एवढा साग आहे, मग इथं सपाटीवर का नाही?" ते म्हणाले, "इथं चोपन आहे, बाई. सागाचे पाय भिजले का तो टिकत नाही. पळसाले चालते. पळसाचं बन दिसलं का समजायचं, खाली पानी अडते." मग त्यांनी नाल्याकडे हात केला. तिथे ऐन होता, मगराच्या पाठीसारख्या सालीचा. "त्याले ओल पाहिजे, पन साचलेली नाही." वरच्या उघड्या कातळाच्या कडेला सालई होती, कागदासारखी सालपटं सोडणारी, पांढुरकी. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. जिथे दुसरं काहीच टिकत नाही तिथे सालई उभी असते, हे त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखं नव्हतं.

ही यादी काकाजींची एकट्याची नाही. भारतीय वनांचं वर्गीकरण चॅम्पियन आणि सेठ यांनी केलं, त्याची सुधारित आवृत्ती १९६८ची. त्यातही पावसावर बेतलेल्या मोठ्या गटांच्या पोटात काही वनं निराळी काढून ठेवली आहेत, केवळ मातीमुळे तशी झालेली: सालईचं वन, अंजनाचं वन, पळसाचं वन, बाभळीचं वन, बेलाचं वन. खानदेशात सातपुड्याच्या उतारावर अंजन पाहिला असेल त्याला हे लगेच पटेल. माती जवळजवळ नाहीच, नुसता खडक, आणि तरी शेकडो अंजन एकाच जातीचे उभे. अंजनाचं रोप वर वीतभर असतं तेव्हा त्याचं सोटमूळ खडकाच्या चिरेत कितीतरी खोल पोचलेलं असतं. ज्या जमिनीला आपण पडीक म्हणून नाव ठेवतो, तिच्यावर त्याचा हक्क पक्का आहे, कारण तिथे साग, ऐन, धावडा कुणीच त्याच्याशी भांडायला येत नाही.

पचमढीच्या वाळूच्या दगडाकडे आता वळते. तो ट्रॅपपेक्षा फार जुना, २० कोटी वर्षांच्याही पलीकडचा. नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. वाळू म्हणजे मुख्यतः गारगोटी, आणि गारगोटीत झाडाला खायला काही नसतं. पाऊस अशा जमिनीतून सहज खाली जातो आणि जाता जाता उरलासुरला चुनाही धुऊन नेतो. माती आंबट होते. सालाखालची माती हातात घेतली तर ती फिकट, तांबूस, सैल असते. ओली करून वळी वळायला गेलं तर वळत नाही, बोटांवर नुसता रवा राहतो. काळ्या मातीची वळी करंगळीएवढी लांब वळते आणि हात धुतले तरी नखांत राहते. गावातल्या कुणालाही डोळे मिटून हा फरक सांगता येईल. सालाला ही सैल, आंबट, खोल माती मानवते. चुनखडीची जमीन आणि चिकण काळी माती तो टाळतो. सागाला हवा असलेला चुनाच त्याला नको असतो.

वाळूचा दगड आणखी एक काम करतो. तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. काळा कातळ पावसाचं पाणी बहुतेक ओढ्यात सोडून देतो, म्हणून मेळघाटातले कित्येक नाले उन्हाळ्यात कोरडे पडतात. पचमढीत मात्र जटाशंकराच्या घळीत भर उन्हाळ्यात छतातून थेंब पडत असतात. त्या झिरप्यावर खोल घळींत वृक्षनेचे उभे आहेत, माणसाच्या दीडपट-दुप्पट उंचीचे, डोक्यावर छत्रीसारखा पानांचा पसारा. मध्य भारताच्या उन्हाळ्यात, जिथे डोंगरमाथ्यावर दगड हात भाजतो, तिथे नेच्याचं झाड! दगडाने साठवलेल्या पाण्यावर ते तगतं. मला हे पाहताना नेहमी वाटतं की आपण जंगलाला पाणी देणारा म्हणून फक्त ढगाचं नाव घेतो आणि दगडाचे उपकार मानायचे राहून जातात.

साल आणि साग यांच्या या वाटणीवर एकोणिसाव्या शतकात नीट लिहिलं ते कॅप्टन जेम्स फोर्सिथने. पचमढीतला बायसन लॉज त्याच्या काळातला, १८६२चा. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झालं. तो शिकारी होता, सरकारी नोकर होता, जंगलाकडे त्या काळच्या साहेबाच्या नजरेने पाहणारा होता. त्याच्या पुस्तकातलं पुष्कळ मला सोसवत नाही. पण त्याचे डोळे चांगले होते. सालाचा मोठा पट्टा पूर्वेला आहे, ट्रॅपच्या मुलखात तो शिरत नाही, आणि देनवाच्या खोऱ्यात मात्र त्याचा एक तुकडा एकटाच पडलेला आहे, हे त्याने टिपलं. आणखी पुढे जाऊन त्याने पाहिलं की या तुकड्यात बारशिंगा आहे, लाल रानकोंबडा आहे. पूर्वेकडच्या सालवनांतले हे प्राणी मधल्या सागाच्या मुलखात नाहीत आणि इथे पुन्हा भेटतात. झाड बदललं तसा खालचा सगळा संसार बदलला होता. बारशिंगा पुढे इथून नाहीसा झाला. २०१५पासून कान्हाच्या जंगलातले बारशिंगे आणून सातपुड्यात सोडायला सुरुवात झाली, ही मला अलीकडच्या काळातली फार समाधानाची गोष्ट वाटते.

साल तिथे एकटा कसा पडला, याचं उत्तर मातीइतकंच त्याच्या बीमध्ये आहे. सालाचं बी पाच पंखांचं. पावसाळ्याच्या तोंडावर गळतं, गरगरत फार लांब जात नाही, आणि आठवडाभरात रुजलं नाही तर मरतं. सागाचं फळ टणक. एखाददोन पावसाळे मातीत तसंच पडून राहतं आणि मग उगवतं. साग वाट पाहू शकतो, साल पाहू शकत नाही. मध्ये काळ्या कातळाचा मुलूख आला की सालाला तो ओलांडता येत नाही. वाळूच्या दगडाच्या बेटावर तो जणू अडकून राहिला, आणि त्या बेटावर मजबूत राहिला.

सालाची आणखी एक भागीदारी जमिनीखाली आहे. त्याच्या बारीक मुळांना बुरशीचं वेष्टन असतं. ही बुरशी दगडगोट्यांतून फॉस्फरस खरवडून मुळाला देते आणि बदल्यात झाडाने पानात केलेली साखर घेते. वाळूच्या कंगाल जमिनीत एवढं उंच जंगल कसं पोसलं जातं, त्याचा मोठा हिशोब इथे आहे. छत्तीसगडात पहिल्या पावसानंतर सालाखालच्या मातीतून बायका आणि मुलं काठीने उकरून बोडा काढतात, सुपारीएवढा गोल, वरून मातकट, आतून पांढरा. बाजारात त्याला मटणाहून जास्त भाव येतो. तो याच भागीदार बुरशीचा. सागाच्या मुळांतही बुरशी असते, पण ती निराळ्या घराण्याची, मुळाच्या आत राहणारी; तिला असा बोडा धरत नाही. झाड, माती, बुरशी आणि आठवडी बाजारातली ती टोपली हे सगळं एका साखळीत बांधलेलं आहे, आणि साखळीचं पहिलं कडं वाळूचा दगड आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की खडकाचा नकाशा आणला की जंगल आपोआप कळलं. तसं नाही. आलापल्लीचा नामांकित साग ट्रॅपवर नाही. गडचिरोलीच्या त्या भागात ट्रॅप पोचलेलाच नाही. तिथल्या जुन्या खडकाची माती खोल आहे, निचऱ्याची आहे, पुरेसा चुना देणारी आहे, एवढं सागाला बास. उलट अमरकंटकला खाली ट्रॅप असूनही वर साल आहे. याचं कारण मला फार आवडतं. तिथे लाखो वर्षांच्या पावसाने कातळातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन नेलं आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं: जांभा आणि बॉक्साइट. कातळ तोच, पण त्याच्यात सागाला हवं ते उरलेलं नाही. मग साल वर चढला. म्हणजे झाड दगडाचं नाव विचारत नाही. दगडाचं आज काय उरलं आहे ते पाहतं.

हाच खेळ आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. महाबळेश्वरलाही काळ्या कातळावर जांभ्याची टोपी आहे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. जिथे जांभ्यावर माती साठली तिथे अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचं बुटकं, दाट, बारमाही हिरवं रान. (ही अंजनी निळ्या फुलांची, खानदेशातल्या अंजनाशी तिचं काही नातं नाही.) आणि तिथून फार लांब नसलेल्या कासच्या सड्यावर, धुवाँधार पाऊस असूनही, झाड नाही. जांभ्याचं कवच उघडं, त्यावर बोटभर माती. ती श्रावणात चिखल होते आणि मार्चमध्ये वीट. तिथे झाडाने मूळ घालायचं कुठे? म्हणून फुलं. कासची फुलं पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोडे सड्याच्या कडेपर्यंत चालत जातात, जिथे कवच तुटतं, भेगेत माती साचते आणि पहिली अंजनी उभी राहते, कमरेएवढी. आणखी दहा पावलांवर डोक्याएवढी. मग दरीत उतरणारं सलग रान. मातीची खोली टेपने मोजायची गरज नाही, ती झाडांच्या उंचीवर लिहिलेली आहे.

मातीने झाड निवडलं, इथे गोष्ट संपत नाही. पुढे झाडही माती घडवतं. सागाची पानं कुजतात तेव्हा चुना परत वरच्या थरात येतो. सालाचा पाचोळा माती आंबट ठेवायला मदत करतो. जे जिथे आहे ते आपल्या पायाखालची जमीन आपल्यासारखी करत जातं. म्हणून सीमेवर, जिथे दोन्ही खडक एकमेकांत मिसळले आहेत, तिथे साग आणि साल शेजारी शेजारी दिसतात तेव्हा मी थोडा वेळ जास्त थांबते. आगीने, कुऱ्हाडीने, गुरांच्या चराईने यातलं कुणीतरी एक मागे ढकललं जातं, आणि मग ती जमीन दुसऱ्याची होत जाते. माती एकटी सगळं ठरवत नाही. पण कोणाच्या बाजूने किती, हे तीच ठरवते.

हे सगळं मनात घोळत असताना मला सर्वांत जास्त त्रास कोळशाचा होतो. मध्य भारतातला दगडी कोळसा ट्रॅपमध्ये नाही. तो अशाच जुन्या वाळूच्या दगडांच्या थरांत आहे. परासियाच्या खाणी त्यातल्याच. म्हणजे कोळसा जिथे तिथे वाळूची जमीन, आणि पूर्वेकडे वाळूची जमीन जिथे तिथे बहुधा साल. छत्तीसगडातलं हसदेव अरण्य याच योगामुळे खाणीच्या तोंडी आलं. उघडी खाण सुरू होते तेव्हा आधी झाड जातं, मग वरची माती, मग शे-दोनशे फूट दगड. तो दगड शेजारी ढीग करून ठेवतात. कोट्यवधी वर्षं खाली होतं ते वर येतं आणि वर होतं ते गाडलं जातं. वरची माती वेगळी जपून ठेवावी असा नियम आहे, पण ढिगात वर्षानुवर्षं पडलेल्या मातीतली बुरशी झाडाच्या मुळाशिवाय तग धरत नाही. मग त्या ढिगावर किंवा कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या खडकावर, भरपाई म्हणून रोपं लागतात, आणि तोडलेल्या झाडांपेक्षा लावलेली जास्त असल्याचा आकडा येतो. तो आकडा खरा असला तरी मला त्याने धीर येत नाही. ट्रॅपच्या मुरुमावर लावलेल्या सागाने वाळूवरच्या सालाची भरपाई होत नाही. त्याखाली बोडा येणार नाही, रानकोंबडा येणार नाही.

रस्त्याच्या कडेला लागवडीचे फलक असतात. क्षेत्र, रोपांची संख्या, प्रजाती, खर्च, वर्ष. माझी मागणी साधी आहे: त्याच फलकावर आणखी तीन ओळी असाव्यात. खाली कोणता खडक आहे, मातीची खोली किती आहे आणि रोपं लावण्याआधी इथे कोणती झाडं आपणहून उभी होती. त्यासाठी प्रयोगशाळा नको. बीटावरचा वनरक्षक आणि शेजारच्या गावातला एखादा जुना गुराखी सोबत बसले, एक खड्डा खणला, माती ओली करून वळून पाहिली, तर एका सकाळी तिन्ही ओळी भरून होतात. आणि तिसऱ्या ओळीत सालई किंवा अंजन लिहिलेला असेल, तर त्या खड्ड्यात सागाचं रोप न घालता तो तसाच बुजवून टाकावा.